फॉर्मवरचा ‘केअरगिव्हर’ म्हणजे नक्की कोण?

रामबागकर (इंदूर):
नमस्कार. माझ्या सासऱ्यांना गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला. तेव्हापासून त्यांची अंघोळ, जेवण, औषधे आणि व्यायाम मी व माझे यजमान मिळून पाहतो. दुपारी काही तास एक बाई येतात, त्यांना आम्ही पगार देतो. रुग्णालयातून घरी सोडताना भरायच्या कागदावर ‘प्रायमरी केअरगिव्हर’ असा रकाना होता आणि तेथे कोणाचे नाव लिहावे यावरून आमच्यात मतभेद झाला. यजमानांच्या मते हा शब्द नोकरीवर ठेवलेल्या माणसासाठी असतो, घरच्यांसाठी नव्हे. इंग्लंडमधली नणंद ‘केअरर’ म्हणते, बाई ज्या एजन्सीकडून येतात तिच्या जाहिरातीत ‘केअरटेकर’ छापलेले आहे आणि रुग्णालयात आम्हा सर्वांना सरसकट ‘अटेंडर’ म्हणत असत. हे सारे शब्द एकाच अर्थाचे आहेत का? शिवाय ज्यांच्या घरी असे दीर्घ आजारपण आहे अशा आपल्या मराठी मंडळींची महिन्यातून एकदा बैठक घ्यावी असे मनात आहे. तिच्या सूचनापत्रावर काय लिहावे, हेही सुचवावे.

सुदामानगरचे मास्तर:
इंग्रजी शिकवण्यात माझे आयुष्य गेले, म्हणून आधी शब्दांचे सांगतो. ‘केअरगिव्हर’ हा प्रामुख्याने अमेरिकेत रुळलेला, पुष्कळ व्यापक शब्द आहे आणि त्यात पगाराचा उल्लेख मुळीच नाही. आजाऱ्याची सून, पगारी मदतनीस, इतकेच काय, तान्ह्या मुलाचे आई-वडीलही त्यात येतात. घरच्याच माणसाविषयी बोलायचे असेल तर ते लोक ‘फॅमिली केअरगिव्हर’ असे स्पष्ट म्हणतात. ‘प्रायमरी’ म्हणजे ज्याच्यावर रोजची मुख्य जबाबदारी आहे तो. नात्याने सर्वांत जवळचा किंवा वयाने मोठा, असे त्यात अभिप्रेत नाही.

‘केअरटेकर’ मात्र जपून वापरावा. ब्रिटनमध्ये तो शाळेची किंवा इमारतीची देखरेख करणाऱ्या नोकराला लावतात, आणि निवडणुकीच्या काळात आपण ज्याला काळजीवाहू सरकार म्हणतो त्यालाही इंग्रजीत हेच विशेषण आहे. अमेरिकेत माणसांची निगा राखणाऱ्यालाही तो कधीकधी लावला जातो, आपल्याकडच्या एजन्सींनी तर तो पगारी मदतनिसासाठी पक्काच करून टाकला आहे. ‘गिव्हर’ म्हणजे देणारा आणि ‘टेकर’ म्हणजे घेणारा, तरी दोघांचा अर्थ जवळजवळ एकच कसा, असे विद्यार्थी नेहमी विचारत. जुन्या इंग्रजीत ‘केअर’चा मूळ अर्थ दुःख, चिंता असा होता आणि निगा हा अर्थ त्याला नंतर जोडला गेला. आपल्या ‘काळजी’चेही तसेच आहे: आपण काळजी करतो ती चिंता आणि काळजी घेतो ती निगा. त्यामुळे ‘केअरगिव्हर’चे शब्दशः ‘काळजी देणारा’ असे भाषांतर कृपया कोणी करू नये. मराठीत काळजी देतो तो परीक्षेच्या आदल्या रात्री क्रिकेट पाहत बसणारा मुलगा.

लेस्टरवासी इंदूरकर:
ताई, तुमच्या नणंदेचा ‘केअरर’ इथल्या रीतीप्रमाणे बरोबर आहे. इंग्लंडच्या 2014 च्या केअर अ‍ॅक्टमध्ये या शब्दाच्या व्याख्येतून, करारानुसार किंवा स्वयंसेवी काम म्हणून निगा राखणाऱ्यांना सामान्यतः वगळलेले आहे. म्हणजे सरकारी कागदावर ‘केअरर’ हा बहुधा घरचा, बिनपगारी माणूस असतो आणि पगारी माणसाला ‘केअर वर्कर’ म्हणतात. बोलण्यात मात्र लोक दोघांनाही ‘केअरर’ म्हणतात, त्यामुळे इथेही घोटाळा होतोच. हा भेद केवळ कोशापुरता नाही. आठवड्याला किमान 35 तास निगा राखणाऱ्याला, इतर अटी पूर्ण होत असतील तर, ‘केअरर्स अलाउन्स’ नावाचा भत्ता मिळतो. तो 1976 मध्ये दुसऱ्या नावाने सुरू झाला तेव्हा विवाहित स्त्रियांना त्यातून वगळले होते, कारण त्या तशाही घरीच असणार असे गृहीत धरले गेले. न्यायालयीन लढ्यानंतर 1986 मध्ये तो त्यांना मिळू लागला. घरातल्या कामाला नाव मिळाल्याशिवाय त्याचा हिशेब कोणी धरत नाही, हे मला तरी या इतिहासातून दिसते. सुनेने केले तर ते कर्तव्य आणि बाईने केले तर नोकरी, ही समजूत आपल्या रामबागेत आहे तशी इथेही होती.

वकीलकाका:
आपल्या देशापुरते सांगायचे तर यजमानांची शंका कायद्यानेच मिटते. दिव्यांगजनांच्या हक्कांविषयीच्या 2016 च्या कायद्यात ‘केअरगिव्हर’ची व्याख्या आहे आणि तिच्यात आई-वडील व कुटुंबातील इतर व्यक्तींचा स्पष्ट उल्लेख असून, मोबदला घेऊन वा न घेता निगा, आधार किंवा साहाय्य देणारी कोणतीही व्यक्ती तिच्यात बसते. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातही पगारी आणि बिनपगारी दोघे येतात, फक्त तेथे रुग्णासोबत राहणे आवश्यक आहे. म्हणजे आपल्याकडे तुम्ही, तुमचे यजमान आणि त्या बाई असे तिघेही या शब्दाखाली येऊ शकता.

मात्र निगा राखणारा आणि निर्णय घेणारा हे एकच, असे मानू नये. उदाहरणादाखल त्याच मानसिक आरोग्य कायद्यात, रुग्णाने आपला प्रतिनिधी स्वतः नेमलेला नसेल तर आगाऊ निर्देशात, म्हणजे रुग्णाने आधीच लिहून ठेवलेल्या सूचनांत, नाव असलेली व्यक्ती प्रथम येते, मग नातेवाईक आणि त्यानंतर केअरगिव्हर. तुमच्या सासऱ्यांना तो कायदा लागू नाही, पण तत्त्व उपयोगी आहे: ते स्वतः समजून होकार-नकार देऊ शकत असतील तर संमती त्यांचीच घ्यावी, आणि फॉर्मवर संमतीचा रकाना वेगळा असेल तर तेथे केअरगिव्हरचे नाव सवयीने उतरवू नये.

रामबागकर:
सर्वांचे आभार. रकान्यात माझे नाव लिहून पुढे ‘सून’ असे नाते लिहीन. आणखी एक अडचण आहे. डॉक्टरांनी मला भरायला दिलेल्या प्रश्नावलीच्या शीर्षकात ‘बर्डन’, म्हणजे ओझे, हा शब्द होता. सासऱ्यांनी तो वाचला आणि दिवसभर ते कोणाशी बोलले नाहीत. त्यांना काय समजावून सांगावे?

शुश्रूषा (लोकमान्य नगर):
ती बहुधा झरिट यांची प्रश्नावली असावी. अमेरिकेतील स्टीव्हन झरिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती 1980 मध्ये मांडली. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या आवृत्तीत 22 प्रश्न असून प्रत्येकाला शून्य ते चार गुण असतात. तिच्यात मोजतात तो निगा राखणाऱ्याच्या मनावर, प्रकृतीवर आणि वेळेवर पडणारा ताण. मी परिचारिका आहे आणि रुग्णाच्या घरच्यांशी बोलताना ‘ओझे’ हा शब्द कटाक्षाने टाळते, कारण मराठीत ओझे म्हटले की ऐकणाऱ्याला वजन दिसत नाही, आपणच दिसतो. सासऱ्यांना सांगा की ही तपासणी तुमची नसून सुनेची आहे, जसा तिचा रक्तदाब मोजावा तशी. ती आजारी पडू नये म्हणून डॉक्टर हे विचारतात. आणि पुढच्या वेळी तो कागद दवाखान्यातच भरावा, हे उत्तम.

सूचनापत्राविषयी माझे मत असे की ‘काळजीवाहक’ हा अलीकडे छापला जाणारा शब्द वाचून आपल्या मावश्या-काकू बैठकीला येणार नाहीत, कारण तो आपल्यालाच उद्देशून आहे हे त्यांच्या ध्यानात येणार नाही. आपल्या घरांत ‘सासूबाईंचे दुखणे काढले’, ‘वडिलांची उस्तवार केली’ असेच म्हणतात. ‘घरी दीर्घ आजारी माणसाची शुश्रूषा करणाऱ्यांसाठी बैठक’ एवढे सरळ लिहावे. ‘सेवा’ हा शब्द मी मुद्दाम वगळला आहे. सेवा म्हटली की थकलो असे म्हणण्याची चोरी होते आणि बैठकीत तेच तर बोलायचे आहे. शेजारचे हिंदीभाषक येणार असतील तर खाली ‘मरीज़ की देखभाल करने वाले परिजन’ ही एक ओळ घालावी. बैठकीची वेळ मात्र सायंकाळची ठेवू नका, कारण बहुतेक घरी मदतीच्या बाई दुपारीच असतात आणि ज्यांच्यासाठी बैठक आहे त्यांना घराबाहेर पडता येते ते तेवढ्याच वेळात.