ऑन-ॲक्सिस (थेट समोरून मोजलेला) ग्राफ सपाट, तरी ३ किलोहर्ट्झला आवाज टोचतो – टू-वे मॉनिटरसाठी मदत हवी आहे

नादखुळा:
नमस्कार मंडळी, मिक्सिंगसाठी पॅसिव्ह टू-वे मॉनिटर (खालच्या सुरांना वूफर, वरच्यांना ट्वीटर असा स्पीकर) बांधलाय. साडेसहा इंची वूफर, त्याच्या वर १ इंची सिल्क डोम ट्वीटर (रेझोनन्स ६५० हर्ट्झ, वेव्हगाइड म्हणजे भोवतीचा उथळ कर्णा नाही), बंद पेटी, बॅफल (पेटीची पुढची फळी) २२ सेंमी रुंद, दोन्ही ड्रायव्हरच्या केंद्रांत १७ सेंमी अंतर. क्रॉसओव्हर (जिथे सूर वूफरकडून ट्वीटरकडे जातात) २.२ किलोहर्ट्झला, चौथ्या ऑर्डरचा लिंकविट्झ-रायली, म्हणजे तीव्र उताराचा फिल्टर.

स्पीकर जमिनीपासून १.२ मीटरवर, माइक समोर १ मीटरवर. ३०० हर्ट्झ ते १५ किलोहर्ट्झ ±१.५ डीबी येतंय. त्याखालचा भाग वूफरजवळ माइक नेऊन (निअरफील्ड) मोजला आणि ३०० हर्ट्झला पातळी जुळवून जोडला. तरी वरच्या पट्टीतला गळा, व्हायोलिन, तुतारी अंगावर येतात. इक्वलायझरने ३ किलोहर्ट्झला २ डीबी कापले की टोचणं जातं, पण गाणारा लगेच मागे सरकल्यासारखा वाटतो. ट्वीटर उलटा (प्लस-मायनस तारा अदलाबदल करून) जोडल्यावर २.२ ला खड्डा फक्त ९ डीबी पडतो. नेमकं कुठे बिघडलंय?

तारकशी:
ट्वीटरला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतील तर पॉलीप्रॉपिलीन लावून बघा. आवाज बराच निवळतो.

डेसिबलराव:
@तारकशी, इलेक्ट्रोलिटिकची व्हॅल्यू छापलेल्यापेक्षा १० टक्के इकडेतिकडे असू शकते, तेव्हा एलसीआर मीटरवर (कॉइल-कपॅसिटरची व्हॅल्यू मोजणारं यंत्र) तपासायला हरकत नाही. पण ऑन-ॲक्सिस सपाट असताना हे टोचणं कपॅसिटरमधून येत नाही.

नादखुळा, कापलं की टोचणं जातं पण गायक मागे सरकतो, यातच निदान आहे. समोरून येणारा आवाज बरोबर आहे, बाजूने जाणारा जास्त आहे. साडेसहा इंची वूफरच्या कोनचा प्रत्यक्ष हलणारा व्यास साधारण १३ सेंमी. २.२ किलोहर्ट्झची तरंगलांबी १५.६ सेंमी. म्हणजे क्रॉसओव्हरपाशी येईतो वूफरचा झोत बऱ्यापैकी अरुंद झालेला असतो. तिथून सूत्रं अडीच सेंमीच्या डोमकडे जातात आणि तो त्या पट्ट्यात जवळजवळ चहूकडे सारखाच पसरतो. परिणामी २.५ ते ४ किलोहर्ट्झमध्ये खोलीत एकूण जास्त ऊर्जा जाते आणि भिंतींवरून परत येते. इक्वलायझर सगळ्या कोनांचे ग्राफ एकत्रच खालीवर करतो, त्यामुळे त्याने हे सुटत नाही. कॅनडाच्या एनआरसी या राष्ट्रीय संशोधन संस्थेत ध्वनिशास्त्रज्ञ फ्लॉइड टूल यांनी केलेल्या कामापासून हेच दिसत आलंय की ऑन-ॲक्सिस सपाट असण्याइतकंच बाजूचे ग्राफ गुळगुळीत असणं महत्त्वाचं. एकाच रेषेवर स्पीकर पास करू नये.

आता ९ डीबीच्या खड्ड्याचं. दोन्ही ड्रायव्हर क्रॉसओव्हरला सारख्या पातळीवर असतील, तर ९ डीबी म्हणजे दोघांच्या लहरींत सुमारे ४२ अंशांचा फेजफरक (मागेपुढेपणा), २.२ किलोहर्ट्झला १८ मिमी. गंमत अशी की सरळ जोडणीत एवढ्या फरकाने बेरीज जेमतेम ०.६ डीबीने घटते, म्हणून तुमचा ग्राफ तक्रार करत नाही. पण मुख्य झोत सुमारे ६ अंश कलतो. वूफरचा आवाज मागे पडत असेल, आणि बहुतेक वेळा तोच पडतो, तर झोत खाली म्हणजे थेट टेबलावर कलतो. नीट जुळल्यावर खड्डा ३० डीबीच्या आसपास गेला पाहिजे.

आधी एवढं करा: माइक न हलवता स्पीकर १० अंशांनी फिरवत ० ते ९० मोजा. पेटी बॅफलच्या रेषेवर फिरवा, मागच्या कडेवर नाही. ग्राफला १/३ ऑक्टेव्ह स्मूदिंग (रेषा गुळगुळीत करणं) लावलं असेल तर काढून टाका.

खर्जातला:
बेसची जोडणीही तपासा. निअरफील्डमध्ये बॅफल स्टेप, म्हणजे बॅफलच्या रुंदीमुळे खाली पडणारी पातळीची पायरी, दिसतच नाही. २२ सेंमी बॅफलला ती ५२० हर्ट्झच्या आसपास असते, त्याखाली आवाज पेटीला वळसा घालून मागे जातो आणि मोकळ्या जागेत समोरची पातळी हळूहळू ६ डीबीपर्यंत उतरते. निअरफील्डचा ग्राफ तसाच चिकटवला की ३०० च्या खालचा उतार कागदावरून गायब होतो, कानाला मात्र आवाज पातळ वाटतो आणि ३ किलोहर्ट्झ आणखी उठून दिसतं. सिम्युलेटरमध्ये बॅफलच्या डिफ्रॅक्शनचा (कडांवरून आवाज वळण्याचा) ग्राफ तयार करा, निअरफील्डला लावा, मग जोडा.

शिवाय तुमच्या मांडणीत जमिनीवरचं परावर्तन ४.७ मिलिसेकंदांनी पोचतं. मोजमापाची खिडकी (जेवढ्या वेळातला आवाज धरायचा ती) तेवढीच ठेवता येते, म्हणजे तपशील सुमारे २१५ हर्ट्झच्या टप्प्यांनी. ३०० पाशी जोडायला हाती एखादाच बिंदू उरतो. स्पीकर २ मीटरवर चढवा.

नादखुळा:
४५ अंशांवर २.६ ते ४ किलोहर्ट्झ हा पट्टा १.८ किलोहर्ट्झपेक्षा ४ डीबी वर आहे! डिफ्रॅक्शन लावल्यावर २०० हर्ट्झही ३ डीबीने खाली आलं. क्रॉसओव्हर १.६ ला आणला तर?

डेसिबलराव:
फायदा होईल, पण तेवढ्याच आवाजाला डोमचा झोका जवळजवळ दुप्पट होईल. ६५० चा रेझोनन्स आणि चौथी ऑर्डर म्हणजे जमू शकतं, तरी मिक्सिंगच्या पातळीवर डिस्टॉर्शन मोजल्याशिवाय नको.

माझं मत वेव्हगाइडकडे. साधारण १६ सेंमी व्यासाचा, वूफरच्या जवळपास. क्रॉसओव्हरला दोघांचा पसारा सारखा होतो, ट्वीटर मागे सरकल्याने ते १८ मिमीही बरेचसे भरून निघतात, आणि केंद्रांतलं अंतर १७ सेंमीच राहतं. डोमची कड आणि गाइडचा गळा यांच्यात पायरी ठेवू नका, नाहीतर १० किलोहर्ट्झच्या वर ग्राफ खडबडीत होतो. जुनं नेटवर्क (क्रॉसओव्हरचं सर्किट) मात्र चालणार नाही, कारण गाइडमुळे ट्वीटरचा आवाज त्याच्या पट्ट्याच्या खालच्या भागात बराच मोठा होतो.

खर्जातला:
नव्या नेटवर्कमध्ये बॅफल स्टेपला ३ ते ४ डीबी धरा, पूर्ण ६ नको. स्पीकर भिंतीजवळ असेल तर उरलेलं भिंत देते. त्यासाठी वूफरची सिरीज कॉइल मोठी होईल, संवेदनशीलता तेवढी घटेल. दोन कॉइल एकमेकींना काटकोनात आणि लांब ठेवा, लोखंडी स्क्रूने आवळू नका.

आणि दोन्ही ड्रायव्हर फिल्टरशिवाय वेगवेगळे मोजताना माइक एकाच जागी हवा. यूएसबी माइक असेल तर दुसरा स्पीकर अकूस्टिक टायमिंग रेफरन्स (वेळ जुळवायचा खुणेचा आवाज) म्हणून लावा, नाहीतर फेजचे आकडे निरर्थक. ट्वीटरचा स्वीप (खालून वर चढत जाणारा चाचणीचा सूर) ५०० हर्ट्झपासून, हळू आवाजात.