कादंबरीतलं गुपित कितव्या प्रकरणात फोडावं?

धोटा: सोलापूरच्या पूर्व भागातलं यंत्रमागवालं घर. थोरला मुलगा कारखान्याच्या आगीत गेला. त्याचं लग्न झालं होतं, हे फक्त वडिलांना ठाऊक. एकूण 30 प्रकरणं. हे कधी उघड करू?

कडक_भाकरी: 18 ते 20. शेवटाला ठेवलंत तर सुनेला घरात यायला पानंच उरत नाहीत, समेट उरकल्यासारखा होतो. त्याआधी तीन खुणा पेरा; एक तरी क्षुल्लक वाटली पाहिजे. निवेदक वडील अजिबात नकोत! त्यांच्याच मनात बसून लपवलं तर वाचकाला फसवल्यासारखं वाटतं. बहीण घ्या.

सातरस्ता: गुपित कागदातून येऊ द्या. मृत्यूची नोंद 21 दिवसांत होते, मग दाखला, मग विम्याचा दावा. पॉलिसीवर नॉमिनी म्हणून अनोळखी बाईचं नाव, बस्स.

धोटा: आणि दुःख? दहाव्याला दाखवू?

कडक_भाकरी: दहाव्याला सगळेच रडतात, त्यात तुमची माणसं वेगळी दिसणार नाहीत. पहिली संक्रांत घ्या. घरात सण नाही, बाहेर ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वजांची, म्हणजे उंच सजवलेल्या काठ्यांची, मिरवणूक निघालीय. वडील कामगारांना गड्ड्याची, म्हणजे याच यात्रेच्या जत्रेची, सुट्टी देतात की माग चालू ठेवतात, एवढ्यावर अख्खं प्रकरण उभं राहतं.