बोटीची वाट बघताना जे व्हायचं ते आता का होत नाही? (जुने एमएमओ, म्हणजे हजारो लोक ऑनलाइन एकत्र खेळतात ते गेम)

खलाशी_लेव्हल१२:

मंडळी, जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

२००५ साली वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये (वॉव) माझा नाइट एल्फ होता आणि बाकी सगळे मित्र मानव नाहीतर ड्वार्फ घेऊन बसलेले, म्हणजे पार समुद्रापलीकडे. त्यांच्याकडे जायचं तर ऑबरडीनच्या धक्क्यावरून बोट धरायची, मेनेथिलला उतरायचं आणि तिथून वेटलँड्स पळत पळत पार करून आयर्नफोर्ज गाठायचं. मी लेव्हल १२, तिथल्या मगरी वीसच्या पुढच्या, लांबून जरा चाहूल लागली तरी अंगावर यायच्या. धक्क्यावर एक प्रीस्ट उभी होती, ओळख ना पाळख, तिने (की त्याने, मला वर्षभर कळलंच नाही) टाइप केलं, "तू पण पहिल्यांदाच का?" बोट यायला दोनतीन मिनिटं होती, तेवढ्यात गप्पा सुरू झाल्या. मग आम्ही दोघं मिळून सहा वेळा मेलो. भूत होऊन स्मशानातून धावत यायचं, प्रेतापाशी उठायचं, चार पावलं टाकली की परत मगर. शेवटी डोंगरातल्या बोगद्यातून पलीकडे लॉक मोडानला बाहेर पडलो तेव्हा दोघंही जागच्या जागी नुसत्या उड्या मारत होतो. पुढे दोन वर्षं एकत्र खेळलो.

२०१९ ला क्लासिक, म्हणजे त्याच जुन्या वॉवची नवी आवृत्ती आली, ऑगस्टमध्ये, पहिल्याच रात्री लॉगिन. तोच धक्का, तीच बोट, त्याच मगरी. धक्क्यावर दहाबारा जण उभे. मी टाइप केलं, "आयर्नफोर्जला कोण कोण?" हूं नाही की चूं नाही. बोट आली, सगळे चढले, उतरले, पांगले. मी एकटाच पळालो आणि एकदाच मेलो, कारण रस्ता पाठ होता. लेव्हल ६० पर्यंत गेलो आणि एवढ्या प्रवासात भेटलेल्या एकाही माणसाचं नाव आज आठवत नाही.

गेम तर तोच होता ना, मग गेलं काय? "तू म्हातारा झालास" हे उत्तर सोडून बोला, ते मला माहितीये.

मना_संपला:

खलाशीभाऊ, त्या दोनतीन मिनिटांतच सगळं आहे बघ.

मी एव्हरक्वेस्टवाला, १९९९ चा. आमच्याकडे मांत्रिकाचा मना (मंत्र टाकायची शक्ती) संपला की खाली बसून स्पेलबुक उघडायचं, आणि सुरुवातीला तर ते पुस्तक स्क्रीनभर पसरायचं, मागून कोण येतंय तेसुद्धा दिसायचं नाही. मिनिटंच्या मिनिटं पुस्तकाची पानं बघत बसायचं. मग करणार काय, बोलायचं! सहा जण एका कोपऱ्यात कॅम्प लावून बसलेले, एक जण जाऊन मॉब, म्हणजे राक्षस-बिक्षस ओढून आणणार, सगळ्यांनी मारायचा, परत बसायचं, परत गप्पा. अशा बसण्यात लोकांची लग्नं, नोकऱ्या, आजारपणं सगळं कळलंय मला, चेहरा एकाचाही बघितलेला नाही.

आणि मेलात की अंगावरचं सगळं सामान प्रेतावर. तुम्ही उघडेबोडके कुठेतरी लांब, जिथे परत जिवंत व्हायची जागा बाइंड केली असेल तिथे. एक्सपी (कमावलेला अनुभव) जायचा, नशीब फुटकं असेल तर लेव्हलसुद्धा जायची. प्रेत एखाद्या अंधारकोठडीच्या तळाशी, तिथे परत जायचं म्हणजे माणसं लागणार. नेक्रोमॅन्सर असेल तर प्रेत आपल्यापाशी ओढून देईल, क्लेरिकने (बरं करणाऱ्या पुजाऱ्याने) उठवलं तर गेलेल्या एक्सपीतला बराचसा परत मिळेल, ड्रुइड किंवा शामनने लांडग्याचा वेग दिला तर निदान पळता येईल. ह्यातलं एकट्याला काहीच जमायचं नाही, म्हणून मग लोकांशी नीट वागावं लागायचं. "हा लूट उचलून पळतो" असं सर्व्हरवर एकदा पसरलं की तुम्हाला कुत्रं विचारायचं नाही, आणि नवीन कॅरेक्टर काढायचं म्हणजे महिनोन्‌महिन्यांची मेहनत पाण्यात.

बाजार पण तसाच. सुरुवातीला ऑक्शन हाऊस वगैरे काही भानगड नव्हती, लोकांनीच आपापसात ठरवून ईस्ट कॉमनलँड्समधल्या बोगद्यात जमायला सुरुवात केली आणि तिथे भाजी विकल्यासारखे तलवारी ओरडून विकायचे. पुढे गेममध्येच बझार नावाचा बाजार आला, सोय झाली, बोगदा ओस पडला. सोय नको असं कोण म्हणेल? मी पण बझारातच जायला लागलो की. पण त्या बोगद्यात मी तीन तास नुसता बसून राहिलोय काही विकत न घेता, बझारात तीन मिनिटं पण कधी थांबलो नाही.

उंदीरमार:

माफ करा पण कंटाळ्याला अत्तर लावणं चाललंय इथे.

मी पण होतो राव त्या काळात. गिल्डमधून (आपल्या टोळीतून) रात्री तीनला फोन यायचा, बॉस स्पॉन झालाय, म्हणजे परत उगवलाय, दुसरी गिल्ड पोचायच्या आत ये, आणि मी येड्यासारखा उठून जायचो. दुसऱ्या दिवशी परीक्षा. नंतर वॉवमध्ये मोल्टन कोर नावाची अंधारकोठडी, चाळीस जण जमवायचे, त्यातले पाच उशिरा, तीन जेवायला, दोघांचं नेट गेलेलं, तासभर नुसतं उभं राहायचं आणि शेवटी बॉसने काय टाकलं तर आमच्या बाजूला कोणी खेळतच नाही त्या क्लासचा सेट... नाही, तसं व्हायचं नाही म्हणा, पण ज्याला नको त्याचाच टाकायचा एवढं नक्की. ह्याला जादू म्हणता तुम्ही?

आणि सगळ्यात मोठं म्हणजे आपण ढ होतो. स्पष्ट बोलतो. पहिल्यांदा तिथला शेवटचा बॉस रॅग्नारॉस पडायला कित्येक महिने गेले, २०१९ ला क्लासिक आल्यावर आठवड्याच्या आत पाडला, तेही टीममधल्या सगळ्यांची लेव्हल ६० पूर्ण झालेले नसताना. बॉस तोच, माणसं हुशार झाली. आता हुशारी विसरायची कशी ते सांगा.

फुकट_ट्रिमिंग:

उंदीरमार बोलतोय ते कडू आहे पण खरं आहे, ढ असण्यातच मजा होती. माझं नाव वाचूनच काहींना कळलं असेल :)

रुनस्केप नावाच्या अशाच एका गेममध्ये मी नवा असताना एक जण आला, म्हणाला तुझं चिलखत दे, फुकटात सोनेरी काठ लावून देतो. दिलं. गेला. गेला तो गेलाच. चिलखताला असा काठ कोणी लावूच शकत नाही, ते फक्त क्लू स्क्रोलच्या (कोडी सोडवत खजिना शोधायचा) बक्षिसातून मिळायचं, पण मला कुठे माहीत, आणि कुणाला विचारणार, शेजारी उभा होता त्याला विचारलं तर तो म्हणाला हो लावतात लावतात. नंतर कळलं तो त्याचाच जोडीदार. आठवडाभर रडलो असेन, आता मात्र पार्टीत सांगायला तेवढा एकच किस्सा आहे माझ्याकडे.

अफवा तर विचारूच नका. २००६ च्या ६ जूनला फालाडोर हत्याकांड झालं ते आठवतंय कुणाला? एकाने कन्स्ट्रक्शन (घर बांधायचं कौशल्य) लेव्हल ९९ ला नेलं म्हणून घरी पार्टी ठेवली, गर्दीने सर्व्हरला घाम फुटला म्हणून सगळ्यांना घराबाहेर काढलं, आणि त्यातल्या काहींना बगमुळे कुठेही कुणालाही मारता यायला लागलं, समोरच्याला उलटा वार करता येईना. मी तिथे नव्हतो. पण शाळेत जो तो सांगायचा मी तिथे होतो, मीसुद्धा सांगायचो.

२०१३ मध्ये ऑगस्ट २००७ च्या बॅकअपवरून ओल्ड स्कूल रुनस्केप परत आणलं तेव्हा पहिल्या दिवशी गेलो. ड्रेनर गावातली पाण्याकाठची विलोची झाडं, तिथे आम्ही पोरं लाकडं तोडता तोडता तासन्‌तास बडबडायचो. झाडं जागच्या जागी, माणसंही चिक्कार. सगळी गप्प. का तर प्रत्येकाच्या दुसऱ्या मॉनिटरवर काहीतरी चालू, माझ्यापण. विकीवर ताशी किती एक्सपी ते आधीच बघून आलेलो, कुणाला विचारायचं असं काही उरलंच नव्हतं. बाकी आजही लोक तो गेम भरपूर खेळतात, मीही खेळतो, चांगलाच आहे. पण मी तो दुसरं काहीतरी बघताना खेळतो.

खलाशी_लेव्हल१२:

म्हणजे धक्क्यावरचे ते दहाबारा जण फोन बघत होते तर!

तिसरा_हीलर:

फोन बघत नव्हते. निदान मी तरी नव्हते. त्या धक्क्यावर नसेन पण तशाच कुठल्यातरी धक्क्यावर मी पण गप्प उभी असणार, कारण आम्ही चौघं डिस्कॉर्डच्या व्हॉइस चॅटवर होतो आणि इतके हसत होतो की माझी बोट दोनदा चुकली. बाहेरून बघणाऱ्याला चार पुतळे दिसले असतील.

हे कुणी बोलत नाही. बडबड काही बंद झालेली नाही, ती फक्त गेमच्या आतून बाहेर गेलीये. पूर्वी गेममध्ये जाऊन मित्र शोधायचे, आता मित्रांना घेऊनच गेममध्ये जातो, आणि आपापल्या खोलीचं दार लावून घेतो. मग जो एकटा आलाय त्याला वाटतं गाव ओसाड आहे.

दुसरं, हीलर (टीममधल्यांना बरं करणारी) म्हणून सांगते, माझ्यासाठी पाणी कुठे मुरलं ते मला तारखेनिशी माहितीये: डिसेंबर २००९, डंजन फाइंडर, म्हणजे वॉवमधलं आपोआप टीम जमवून देणारं बटण. त्याआधी मला लोक नावाने ओळखायचे, टँक (पुढे राहून मार झेलणारा) आधी मला विचारायचा आज आहेस का. अंधारकोठडीपर्यंत पाच जण चालत जायचो, कोणीतरी रस्ता चुकायचं, त्याला आणायला जायचं. फाइंडर आल्यावर बटण दाबलं की थेट आत, बरोबर दुसऱ्याच सर्व्हरवरचे चार जण, वीस मिनिटांत काम, "थँक्स", संपलं. त्यातला एखादा शिव्या घालून गेला तरी काय बिघडतंय त्याचं, परत थोडाच भेटणार आहे. पण हेही खरं की तेव्हा मला बाळ झालेलं होतं आणि त्या वीस मिनिटांशिवाय माझं खेळणं बंदच पडलं असतं. त्यामुळे मी त्या बटणाला शिव्या पण देते आणि त्याचे आभार पण मानते, तुम्हाला काय म्हणायचं ते म्हणा.

जुनाट_मॉडेम:

हे रडगाणं प्रत्येक पिढीचं आहे हो. १९७८ ला एसेक्स विद्यापीठात ट्रबशॉ आणि बार्टलने मड नावाचा एकत्र खेळायचा गेम केला, नुसती अक्षरं, चित्र नावाला नाही. नंतर चित्रं आली तेव्हा मडवाले आम्हाला हसायचे. मग २००० साली अल्टिमा ऑनलाइनमध्ये मारामारी नको असणाऱ्यांसाठी ट्रॅमेल नावाचं वेगळं जग काढलं तेव्हा आम्ही छाती पिटली, आणि अजून पिटतोय.

मला स्वतःला आठवतं ते वेगळंच. त्या जगांचं काय होईल ते बनवणाऱ्यांनाच माहीत नसायचं. अल्टिमात लांडग्यांनी मेंढ्या खाव्यात, मेंढ्यांनी गवत, अशी अख्खी साखळी बांधली होती, आपण लोकांनी जे हललं ते मारलं आणि साखळीची वाट लावली. १९९७ च्या बीटात तर राजा लॉर्ड ब्रिटिश, म्हणजे खुद्द बनवणारा रिचर्ड गॅरियट, प्रजेसमोर उभा असताना एकाने त्याच्यावर आगीचा मंत्र टाकला आणि राजा मेला की! त्याचं अभयत्व चालू करायचं राहून गेलेलं. एव्हरक्वेस्टमध्ये कधीच मरू नये म्हणून बनवलेला ड्रॅगन २००३ मध्ये जवळजवळ दोनशे जणांनी तीन तास झुंजून मारला, त्याने टाकलं काय तर काहीही नाही. वॉवमध्ये २००५ ला बॉसने खेळाडूंना लावलेल्या रोगाची साथ शहरात पसरली, ती साथीच्या अभ्यासकांनी नंतर अभ्यासाला घेतली. आता प्रत्येक गोष्ट आधी टेस्ट सर्व्हरवर जाते, लोक तिथेच चोथा करून टाकतात, लाँचच्या दिवशी गाइड तयार.

मना_संपला:

ड्रॅगनचं सांगितलंस ते बरं केलंस. पहिल्यांदा मरायला आला तेव्हा कंपनीने तो गायबच केला होता, नंतर परत सोडला तेव्हा मारला. आम्ही दुसऱ्या सर्व्हरवर बसून बातम्या ऐकत होतो, क्रिकेटचा स्कोअर ऐकावा तसं.

खलाशी, तू एव्हरक्वेस्ट कधी खेळलायस का?

खलाशी_लेव्हल१२:

नाही, कधीच नाही. काहीच माहीत नाही. एक नकाशासुद्धा बघितलेला नाही.

मना_संपला:

मग झालं तर. प्रोजेक्ट १९९९ म्हणून चाहत्यांनी चालवलेला सर्व्हर आहे, २००९ पासून, जुनं सगळं जसंच्या तसं, प्रेतं-बितं सकट. तुझा ढपणा अजून शाबूत आहे, तो वाया घालवू नकोस. विकी उघडायची नाही, व्हॉइस नाही, जे काय ते गेममध्ये टाइप करायचं. मी क्लेरिक घेतो. मेलात तर उठवीन, सांगणार मात्र काहीही नाही.

तिसरा_हीलर:

मी येते. रात्री दहानंतर. आणि ह्या वेळी हीलर अजिबात नाही, मी काहीतरी कापाकापी करणारं घेणार.

उंदीरमार:

कंटाळा यायला लागला की सांगा, मी आधीच बोललो होतो म्हणायला येईन. किती वाजता म्हणालात?

खलाशी_लेव्हल१२:

शनिवारी दहा. मी मानव वॉरियर घेतोय, साधा सरळ. त्यात काही वाईट नाही ना?

मना_संपला:

काही सांगणार नाही म्हटलं ना.

उंदीरमार:

खलाशी, रात्र व्हायच्या आत सोबत अंधारात दिसणारा एखादा एल्फ ठेव, बाकी मी काही बोललो नाही.

मना_संपला:

अरे फोडलंस ना, माठा!