मदत हवी आहे : काठीचा वेग वाढला, ड्रायव्हर तिथेच (गोल्फ)

मंडळी, गुहागरहून लिहितोय. वय ५४. पुण्यात नोकरीला असताना गोल्फचं वेड लागलं, आता बागेपायी गावीच असतो. इथे कुठलं आलंय गोल्फचं मैदान! दोन माडांमध्ये मासेमारीचं जुनं जाळं बांधलंय, त्यात चेंडू मारतो. दोन महिन्यांतून कधीतरी कुंभार्ली चढून पुण्याला गेलो की मित्राबरोबर १८ होल.

तोच मित्र "तुझा चेंडू म्हातारा झाला रे" म्हणाला आणि मी इरेला पेटून वेगाच्या काठ्या मागवल्या. तीन आहेत. ड्रायव्हरपेक्षा (म्हणजे सर्वांत लांब फटका मारायची गोल्फची काठी) एक २० टक्के हलकी, दुसरी १० टक्के हलकी, तिसरी ५ टक्के जड. जीव खाऊन फिरवायच्या, अंगाला वेगाची सवय लागली की ड्रायव्हरही तसाच फिरतो, असं त्यामागचं गणित. सोबत वेग मोजायला छोटा रडार घेतला. (किंमत घरी सांगितलेली नाही. ही इथे वाचत नाही, अशी आशा.)

सहा आठवडे झाले, आठवड्यातून तीन दिवस, चहाच्या आधी. हलकी काठी ताशी ९२ मैलांवरून १०१ वर गेली. ड्रायव्हर ८६ होता, तो परवा पुण्यात ८७. वेग ताशी एक मैल वाढला तर चेंडू जेमतेम अडीच यार्ड लांब जातो, म्हणजे झालंच कल्याण! वर चेंडू उजवीकडे पळायला लागलाय, पूर्वी पळत नव्हता. डावं कोपरही दुखतंय, पाण्याचा तांब्या उचलताना कळ येते.

पावसामुळे सगळा सराव पडवीत, अनवाणी. त्याने काही बिघडत नसावं, नुसती काठीच तर फिरवायची.

जड काठी सोडून देऊ का? की अजून सहा आठवडे थांबू?

प्रतिसाद १
काका, हलकी काठी जोरात फिरणारच, तिच्या आकड्यावर जाऊ नका. काठ्या झाल्या की लगेच ड्रायव्हर पाच वेळा फिरवून तोच आकडा वहीत लिहा. आणि कोपर दुखतंय तर जड काठी आजपासून बंद. महिन्याभरात थांबलं नाही तर डॉक्टरांना दाखवा.

प्रतिसाद २
पडवीची उंची किती? कोकणातल्या पडवीत मी वाकून शिरतो, तिथे ४५ इंचांची काठी पूर्ण वर जाते कशी? तुम्ही नकळत ती आडवी फिरवत असणार. चेंडू उजवीकडे जायचं कारणही बहुधा तेच. दुसरं, वेग पायांतून येतो. ओल्या लादीवर अनवाणी कोण जोर लावेल? घसरायच्या भीतीने फक्त हात पळतात, मग कोपर बोलतं.

धागाकर्ता
आत्ता टेप लावून आलो. वासा पावणेसात फुटांवर आहे. गंमत म्हणजे सहा आठवड्यांत त्याला काठीचा एक ओरखडा नाही! म्हणजे अंग रोज वासा चुकवत होतं आणि मला पत्ता नाही. जड काठी माळ्यावर टाकली. रविवारी उघाडी मिळाली तर ओहोटीला बूट घालून पुळणीवर जातो, ओल्या वाळूत टाच किती रुतते तेही दिसेल. रडारला प्लास्टिकची पिशवी बांधली तर आकडा बरोबर दाखवतो का, कुणी करून पाहिलंय?