आंध्रला वादळ लागणार म्हणतात, आपल्याकडे बेळगावात भात कापायचं की थांबायचं?

नंदगडचा शेतकरी: भात कापायला आलंय, उद्यापासून माणसं सांगितलीत. बातम्यांत सांगालेत की किनाऱ्याला लागलं की वादळाचा जोर ओसरणार. तसंही ते इतकं लांब. थोडं भात कापून शेतात पडलंय. बाकीचं कापू काय?

कडोलीचे काका: थांबा. जोर ओसरतो तो वाऱ्याचा. जमिनीवर आलं की समुद्राची ऊब आणि वाफ तुटते, वादळ मोडायला लागतं. पण त्यातलं पाणी कुठं जाणार? ते आत येऊन पडतं, आणि सरकणं मंदावलं तर एकाच भागावर पडत राहतं.

१३ ऑक्टोबर २०२० ला आंध्रच्या काकीनाड्याजवळ जे किनाऱ्याला लागलं ते चक्रीवादळ झालंच नव्हतं. नुसतं डीप डिप्रेशन, म्हणजे चक्रीवादळाच्या खालची पायरी, म्हणून त्याला नावसुद्धा नाही. त्याच रात्री हैदराबाद पाण्यात गेलं, मग कलबुर्गी, विजयपूर, सोलापूरला झोडपलं, भीमेला पूर आला. पुढच्या वर्षी २६ सप्टेंबरला 'गुलाब' चक्रीवादळ आंध्रच्याच कलिंगपट्टणमजवळ लागलं आणि सोयाबीन बुडालं मराठवाड्यातलं! तेव्हापासून मी वादळाचं नाव बघत नाही, पावसाचा इशारा बघतो.

तोही मराठी वाहिनीवर नको. त्यांचा नकाशा महाराष्ट्राच्या हद्दीवर, चंदगडला संपतो. आपला जिल्हा हवामान खात्याच्या बेंगळुरू केंद्राकडे, 'उत्तर अंतर्गत कर्नाटक' विभागात येतो. तिथं बेळगावसमोर ऑरेंज किंवा रेड इशारा दिसला तर विळा लावू नका.

निपाणीची ताई: दादा, कापलेलं आज अंधार पडायच्या आत उचला. उंचावर वळी (पेंढ्यांची रास) घाला, लोंब्या आतल्या बाजूला. ताडपत्री दोरीनं आवळून बांधा, नुसत्या दगडांवर वाऱ्यात टिकत नाही. आणि गडगडाट ऐकू आला की माणसांना झाडाखाली उभं राहू देऊ नका, पक्क्या घरात आणा. फोनवर 'दामिनी' अ‍ॅप असू दे, जवळपास वीज पडत असली की कळतं. पाऊस थांबल्यावर शेतात तार पडलेली दिसली तर लाईनमन येईपर्यंत कुणी जवळ जायचं नाही, बैलसुद्धा सोडायचे नाहीत.

नंदगडचा शेतकरी: माणसांना नको म्हणून सांगितलं. वळी आत्ताच घालतो. पण उभं भात वाऱ्यानं आडवं झालं तर?

कडोलीचे काका: आडवं झालं तरी पाणी साचलं नाही तर बरंचसं हाती लागतं. लोंब्या पाण्यात राहिल्या तर मात्र कोंब फुटतात. बांधाला वाट फोडून ठेवा, आजच. रात्री पावसात कुदळ घेऊन जायची वेळ येऊ देऊ नका.