किंग्स्टनचे फोनबूथ शिल्पच आहेत
काहीजण विचारतात, जुने फोनबूथ एकमेकांवर कलते ठेवले तर त्याला शिल्प का म्हणायचं? लंडनच्या किंग्स्टनमधलं शिल्पकार डेव्हिड मॅक यांचं ‘आउट ऑफ ऑर्डर’ (१९८९) माझ्या मते शिल्पच आहे, तेही अव्वल. नव्या रस्त्यालगतचा परिसर सजवायला ते मुद्दाम करवून घेतलं होतं. १२ लाल बूथ: एक ताठ, बाकीचे कलत गेलेले, शेवटचा जवळजवळ आडवा. वास्तुविशारद गाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांनी १९३५ मध्ये आखलेला हा बूथ बिडाचा, वजन सुमारे पाऊण टन! एवढं जड धूड पत्त्यांसारखं कोसळताना दिसतं, छताजवळचे राजमुकुटही तिरपे होत जातात. त्या काळात ब्रिटनभर हे बूथ हटवले जात होते, हे विसरून त्याला भंगार म्हणणं मला पटत नाही.