गावकीची मुंबईतली खोली: ठेवायची की सोडायची?

पोटमाळा (धागाकर्ता)

लालबागला आमच्या गावकीची एक खोली आहे. दहा बाय बारा, वर पोटमाळा, पागडीची, म्हणजे एकरकमी पैसे देऊन कायमच्या भाड्याने घेतलेली. गाव संगमेश्वर तालुक्यातलं. आता चाळ पुनर्विकासात निघाली आहे आणि मंडळात दोन तट पडलेत. एक म्हणतो, नव्या इमारतीतली जागा ठेवू. दुसरा म्हणतो, हक्क सोडून पैसे घेऊ आणि गावाला लावू. मी दुसऱ्या तटात आहे. पण भांडता भांडता मला वेगळाच प्रश्न पडला: माणसांचा समूह मुळात बनतो कशाने?

माझं उत्तर, अडचणीने. आजोबा गिरणीला लागले तेव्हा मुंबईत बिऱ्हाड करणं पगारात बसत नव्हतं. बायकामुलं गावी, आणि एका खोलीत वीस-पंचवीस गडी. दिवसपाळीचा उठून गेला की त्याच जागेवर रातपाळीचा वळकटी पसरायचा. भिंतीला खुंट्या, खुंटीखाली पत्र्याची पेटी, एका खुंटीला एक माणूस. खुंटी रिकामी झाली की गावाहून पत्र टाकून नवा गडी बोलवायचा. पगारानंतरच्या रविवारी बैठक, वहीत वर्गणी. त्यातूनच भाडं, त्यातूनच आजारपण. वही आज माझ्याकडे आहे. एका पानावर जांभळ्या पेन्सिलीने लिहिलंय, 'आजारी गडी गावी धाडण्यास गाडीभाडे'. नाव नाही, कारण बैठकीत बसलेल्या प्रत्येकाला तो गडी कोण ते माहीत होतं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि गिरणगाव पुन्हा पूर्वीसारखं झालं नाही. खुंट्या रिकाम्या होत गेल्या. आमची पिढी विरारला, दिव्याला स्वतःच्या घरात राहते. ज्या अडचणीने माणसं बांधली होती ती सरली. मग आता खोली कशाला धरून ठेवायची? पटत नसेल तर मोकळेपणी सांगा.

देवरुखची वाट

अजिबात पटत नाही. २०२० चा मे आठवा. आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर वर्षभरात गणपतीच्या शुभेच्छांपलीकडे काही येत नव्हतं. टाळेबंदी लागली आणि त्याच गटावर रात्री दोन वाजता याद्या तयार व्हायला लागल्या. ई-पास कुणाचा झाला, कुणाच्या आईची औषधं संपली, गाडीत दोन जागा आहेत, कोण येतंय. दहा वर्षं वर्गणी न भरलेल्यांनासुद्धा कुणी हिशेब विचारला नाही. माणसांचा एकमेकांवर आधीपासून विश्वास नसता तर हे दोन दिवसांत उभं राहिलं असतं का? तो विश्वास जुन्या खोलीत तयार झालेला. तो मोडून पैसे करू नका.

पोटमाळा

मे महिना माझ्याही लक्षात आहे. गावी पोचलो तेव्हा १४ दिवस शाळेत ठेवलं. रोगाच्या भीतीने ठेवलं, बरोबरच केलं, तक्रार नाही. पण जेवणाचं ताट कुंपणाच्या दगडावर ठेवून सख्खा चुलता लांब उभा राहिला, तेव्हा कळलं की गावकरी आणि चाकरमानी हे दोन वेगळे समूह झालेत. खोलीने जोडलं ते आम्हा मुंबईकरांना. गावाला नाही.

पावतीवाला

बाकी चर्चा नंतर. भाडेपावती कुणाच्या नावावर आहे ते आधी बघा. आमच्या मंडळाची पावती एका जुन्या सभासदाच्या नावावर होती. ते वारले आणि खोली वारसांकडे गेली. मंडळाकडे कागदच नव्हता.

धोटा

मी शेजारच्या गावच्या बौद्धवाडीतला. तुम्ही 'गावकीची खोली' लिहिलंत तिथेच मी थांबलो. कोकणात गाव म्हणजे वाड्या. तुमची खोली गावाची नव्हती, वाडीची होती. आमच्या माणसांची खोली नायगावला होती, वेगळी.

अडचण तर एकच होती ना? तीच गिरणी, तोच भोंगा, तेच महागडं बिऱ्हाड. उलट आमची जास्त. साचा खात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या खात्यात, पगार बरा मिळायचा, पण तिथे आमच्या माणसांना घेत नसत. मागावर आडवा दोरा नेणारा तो धोटा. त्यातली दोऱ्याची कांडी बदलली की धोट्याच्या छिद्रातून दोरा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि आमच्या तोंडाचा धोटा दुसऱ्याला चालत नसे. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. माझे पणजोबा जन्मभर रिंग खात्यात, म्हणजे सूतकताईच्या खात्यात राहिले.

म्हणजे अडचण एक आणि खोल्या दोन. अडचणीने माणसं दाराशी येतात हे मान्य. पण दार कुणाला उघडायचं हे अडचण ठरवत नाही. बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात जातीवर निबंध वाचला, त्यात जात म्हणजे बंदिस्त वर्ग असं म्हटलंय. एका गटाने दार लावून घेतलं की बाहेर राहिलेल्यांचा आपोआप दुसरा गट होतो. आमचा तसा झाला. पुढे आम्ही त्याच गटाला आमची ताकद केली, तो भाग वेगळा आणि अभिमानाचा.

बारावी कला

समाजशास्त्र शिकवते. 'धोटा' यांच्या मुद्द्यात एक भर. त्या काळी गिरणीत भरती करायचा मुकादम, म्हणजे जॉबर. तो आपल्या गावची, नात्यातली माणसं आणायचा, कारण ती त्याच्या शब्दात राहायची. त्यामुळे खात्याखात्यात एकेका भागाची, एकेका जातीची माणसं साठली. आपण ज्याला गावाची ओढ म्हणतो तिच्यात भरतीच्या पद्धतीचा मोठा वाटा आहे.

दुसरं, चार्ल्स कूली या अमेरिकन अभ्यासकाने १९०९ मध्ये प्राथमिक समूहाची कल्पना मांडली: कुटुंब, शेजार, खेळगडी, जिथे माणूस समोरासमोर घडतो. वर्गणी, नियम आणि कामापुरता संबंध असतो तो दुय्यम. मुलांना मी या दोन चौकटी आखून देते, पण ही खोली कुठल्या चौकटीत लिहायची? सुरुवात वर्गणीच्या वहीने, आणि शेवटी आजारी गड्याचं नावही लिहावं लागत नाही. एका पोटात दोन्ही. म्हणून 'अडचण सरली, समूह सरला' हे मला घाईचं वाटतं.

जेवणाचा डबा

या खोल्यांमधले गडी जेवायचे कुठे? माझ्या आजीच्या खानावळीत. परळला एका खोलीत ती पंधरा-वीस जणांचं रांधायची. पहाटेच्या पाळीवाल्यासाठी चारला स्टो पेटायचा. महिन्याचे पैसे थकले की वाण्याकडे तिचं नाव खराब व्हायचं, गड्याचं नाही. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते अशाच बायकांसाठी, बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. तिथे कोकणातली, घाटावरची, सगळ्या शेजारी बसायच्या. मला इथे 'पोटमाळा' यांची बाजू थोडी पटते, अडचणीने जोडलंच. पण तुमच्या वहीत एका तरी बाईचं नाव आहे का? मंडळाच्या मीटिंगचा चहा मात्र आमच्याकडून जायचा.

मांडवीकाठ

गोव्यातल्या गावांचीही मुंबईत अशीच व्यवस्था आहे, तिला कूड म्हणतात. धोबीतलाव, गिरगाव भागात. बोटीवर जाणारे तारवटी बोट मिळेपर्यंत तिथे स्वस्तात राहायचे, पेटी ठेवायला जागा, झोपायला चटई. प्रत्येक कुडीत वेदी आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. माझे वडील त्या तेर्साला चुकले की सोबत्यांना तोंड दाखवायची लाज वाटायची. पूर्वीसारखी गर्दी आता नाही, तरी फेस्ताच्या, म्हणजे सणाच्या दिवशी माणसं येतात. सोडू नका. रोज एकत्र काहीतरी करणं, मग ती प्रार्थना असो की भजन, यानेच समूह टिकतो. नुसती सोय पुरत नाही.

पोटमाळा

कालपासून वही पुन्हा चाळतोय. सगळी नावं एकाच वाडीतली. बाई एकही नाही. हे मला आजवर दिसलंच नव्हतं, कारण मी आतल्या बाजूला होतो. 'धोटा' यांच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. अडचण हे पूर्ण कारण नाही, माझं ते म्हणणं मागे घेतो.

खोली सोडावी या मतावर मात्र अजून आहे. 'मांडवीकाठ' म्हणतात तसं रोजचं भजन आमच्याकडे कधीच बंद पडलंय. रिकामी खोली सांभाळण्यासाठी दरवर्षी देखभालीचे पैसे मागत फिरायचं, त्यातून भांडणंच होतील. ठेवायचीच असेल तर मंडळाच्या घटनेतलं 'वाडी' काढून 'गाव' लिहा, बायकांना सभासद करा, आणि पोरांना शिकायला राहू द्या. तसं होत असेल तर माझा विरोध नाही.

धोटा

'गाव' लिहायला एक ओळ पुरते. मी सरळ विचारतो. तुमच्याच गावच्या बौद्धवाडीतला एक मुलगा परळला नर्सिंगला लागलाय, सध्या कल्याणहून ये-जा करतो. नवी जागा मिळाली तर त्याला तिथे कॉट मिळेल का? तुमच्या मुलाच्या शेजारची?

पोटमाळा

माझ्याकडून हो. मंडळाचं माहीत नाही, आणि मी खोटं बोलणार नाही. येत्या रविवारी बैठक आहे. विकायची की ठेवायची हा पहिला विषय होता, आता त्याच्या आधी हा घालतो. कोण काय बोललं ते इथे लिहीन.